घड्याळाची पारख

घड्याळ बंद पडले तर ते त्याच दिवशी कळते, मागे पडू लागले तर आठवड्याभरात कळते. परंतु ते स्वतःविषयीच खोटे सांगू लागले तर ते उमगायला कधी कधी माणसाचे अर्धे आयुष्य खर्ची पडते. लिलावांच्या याद्या वाचण्याचा नाद मला जडल्यापासून या गोष्टीचे मला अधिकाधिक नवल वाटत आले आहे. कोणाला कादंबऱ्यांचे वेड असते, कोणी आगगाडीची वेळापत्रके चवीने वाचतो. मला जिनीव्हाच्या किंवा लंडनच्या एखाद्या लिलावाची यादी हाती लागली म्हणजे झोपेची आठवण राहत नाही. तिच्यातले एकही घड्याळ विकत घेण्याची माझी ऐपत नाही, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नाही. माझ्या मनगटावर एच. एम. टी.चे साधे घड्याळ आहे. ती घड्याळे करणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. घड्याळाला मात्र कोणी ते कळवलेले दिसत नाही.

लिलावाची यादी हा वाङ्मयाचा एक मोठा मौजेचा प्रकार आहे. वकिलाने लिहिलेल्या खरेदीखताप्रमाणे तिच्यातला शब्द न् शब्द तोलून घातलेला असतो, आणि जे लिहिले आहे त्याहून जे लिहिलेले नाही तेच पुष्कळदा अधिक बोलके असते. ‘तबकडी उत्तम स्थितीत’ एवढे वाचून नवखा माणूस खूष होतो. मुरलेला माणूस ‘मूळ तबकडी’ असे का म्हटले नाही, या विचारात पडतो. स्थळाच्या पत्रात मुलाच्या शिक्षणाविषयी चार ओळी असाव्यात आणि नोकरीविषयी अवाक्षरही नसावे, म्हणजे आपल्याकडची वडीलधारी मंडळी जशा भुवया उंचावतात, तसाच हा प्रकार.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो असता असा एक लिलाव जवळून पाहण्याचा योग आला. लिलावाच्या आधी काही दिवस विकायची घड्याळे काचेच्या कपाटांत मांडून ठेवतात. कोणीही आत जावे आणि पाहावे. मागितले तर कपाट उघडून घड्याळ हातातही देतात. माझ्याबरोबर मुलीच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ होते. मूळचे सांगलीकडचे, इंजिनियर म्हणून चाळीस वर्षे तिकडे काढलेले आणि नोकरी सुटल्यावर जुन्या घड्याळांच्या मागे लागलेले. त्यांनी एक घड्याळ मागून घेतले, आणि तबकडीकडे ढुंकूनही न पाहता ते प्रथम उपडे केले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “तोंड पाहिले की आवडायला लागते हो! आणि एकदा आवडले की डोळ्यांचा उपयोग संपला. म्हणून आपण पाठीकडून सुरुवात करायची.”

त्या दोन तासांत त्यांनी मला जे शिकवले ते सारे तीन प्रश्नांत मावते. हे सगळे एकाच घरचे आहे काय? याचे वय याच्या अंगावर दिसते काय? आणि आजवर हे कोणाकडे होते?

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घड्याळ ही एक वस्तू आहे असे आपण समजतो; वास्तविक ते एक कुटुंब असते. केस, आतले यंत्र, तबकडी, काटे, चावी ही सारी माणसे एकाच दिवशी एकाच घरात आली होती की निरनिराळ्या घरांतून गोळा होऊन आता एका आडनावाखाली नांदत आहेत, हे पाहावे लागते. यंत्रावर एक क्रमांक असतो, केसवर बहुधा दुसरा असतो. ते दोन्ही एकाच काळातले आहेत काय, केसच्या आत सोन्याचा छाप आहे तो त्या काळाला जुळतो काय, हे तपासतात. स्वित्झर्लंडात अठरा कॅरेट सोन्याच्या घड्याळावर पूर्वी हेल्व्हेशिया देवीचे मस्तक उमटवीत. १९९५ पासून तिच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके आले. तेव्हा १९५० सालचे म्हणून दाखवलेल्या घड्याळाच्या झाकणात हा कुत्रा बसलेला आढळला, तर तो घराची राखण करीत नसून मालकाची चहाडी करीत आहे, असे समजावे.

नकली घड्याळांचा धंदा काही आजकालचा नव्हे. अब्राहम-लुई ब्रेगे हा १७४७ साली नॉशातेल येथे जन्मलेला कारागीर पॅरिसमध्ये इतका नावारूपाला आला की त्याच्या हयातीतच त्याच्या नावाची खोटी घड्याळे युरोपभर विकली जाऊ लागली. तेव्हा १७९५ च्या सुमारास त्याने एक युक्ती काढली. तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ तो आपली सही अशा बारीक रेघांनी उमटवू लागला की समोरून पाहणाराला तिथे काहीच दिसू नये. तबकडी तिरपी धरून उजेड बाजूने पाडला म्हणजे तेवढ्यापुरती ती सही वर येते. त्याच्या दुकानाच्या विक्रीच्या नोंदवह्याही जपून ठेवलेल्या आहेत, आणि आजही एखादे ब्रेगे घड्याळ विक्रीला आले म्हणजे त्या वह्यांचा आधार घेतात. स्वतःचे नाव लपवून ठेवून ते सिद्ध करण्याची ही कल्पना मला फार आवडते.

दुसरा प्रश्न वयाचा. माणसे वय लपवतात. जुन्या घड्याळांच्या बाजारात मात्र वय लपवणे हा सर्वांत मोठा गुन्हा ठरतो. एकदा घासून-पुसून चकचकीत केलेली केस सामान्य माणसाला नव्यासारखी दिसते आणि म्हणून आवडते. पारखी माणूस केसच्या कडांवरून आणि पट्टा ज्यांत अडकतो त्या कानांवरून बोट फिरवतो. कारखान्यातून निघाली तेव्हा ती कड धारदार होती. पॉलिश करणाराने दर वेळी थोडा धातू खाल्ला, आणि आता ती साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गोलसर झाली आहे. ओरखडे चालतात, कारण ओरखड्यांनी काही नाहीसे होत नाही, चकाकीने होते.

तबकडीची परीक्षा याहून सूक्ष्म असते. अंधारात वेळ दिसावी म्हणून आकड्यांवर आणि काट्यांवर पूर्वी रेडियम मिसळलेला लेप लावीत. १९६० नंतरच्या दशकात त्याचा वापर मागे पडला आणि ट्रिटियम आले. तेही गेल्या शतकाच्या अखेरीस गेले आणि किरणोत्सर्गी नसलेला लेप रूढ झाला. यातले शास्त्र मोठे रंजक आहे. रेडियमचे तेज निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. पण ज्या द्रव्यावर ते आपले काम करते ते द्रव्य काही दशकांतच जळून निकामी होते. म्हणून रेडियमची जुनी तबकडी अंधारात काळोखीच असते, पण किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र जवळ नेले की ते टकटक करू लागते. ट्रिटियमचे आयुष्य उलट फारच थोडे. १२ वर्षे आणि काही महिन्यांत ते निम्मे होते. तेव्हा साठ वर्षांपूर्वीचे म्हणून सांगितलेले घड्याळ बॅटरीचा उजेड दाखवताच काजव्यासारखे चमकत राहिले, तर त्याच्या तबकडीवर कोणीतरी अलीकडे हात फिरवला आहे हे निश्चित.

रेडियमची आणखी एक खूण आमच्या सांगलीकरांनी मला दाखवली, ती मी विसरू शकत नाही. घड्याळ बंद होऊन वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिले, तर काट्यांवरच्या रेडियमने त्यांच्याखालची तबकडी करपते आणि काट्यांच्या आकाराची तपकिरी सावली तिच्यावर कायमची उमटते. त्या सावलीचा आकार आजच्या काट्यांशी जुळला नाही, तर काटे बदललेले आहेत. समोरच्या तबकडीवर अशी सावली चार वाजून काही मिनिटांवर पडली होती. कोण्या एका दुपारी वा पहाटे ते घड्याळ थांबले, आणि पुन्हा चावी द्यायला कोणी उरले नसावे. त्या तेजस्वी आकड्यांची दुसरी किंमत अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील तरुण मुलींनी मोजली होती. रंगाच्या कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांना शिकवण्यात आले होते. त्यातल्या पुष्कळ जणी रेडियमच्या विषाने मेल्या, आणि जगलेल्यांपैकी पाच जणींनी भरलेला खटला १९२८ साली तडजोडीने मिटला. लिलावाच्या यादीत या किमतीचा रकाना नसतो.

आता या दोन्ही परीक्षांत घड्याळ उत्तीर्ण झाले, म्हणजे ते खरे ठरले काय? २०२१ च्या नोव्हेंबरात जिनीव्हा येथे फिलिप्स या संस्थेच्या लिलावात ओमेगा कंपनीचे एक ‘स्पीडमास्टर’ विक्रीला आले. हा प्रकार कंपनीने १९५७ साली प्रथम काढला, आणि हे घड्याळ त्या अगदी पहिल्या मालिकेतले होते. उन्हाने आणि काळाने त्याची काळी तबकडी तांबूस तपकिरी झाली होती. असा रंग हा खरे म्हणजे एक दोषच; पण शौकिनांच्या दृष्टीने तो फार दुर्मिळ अलंकार आहे. अंदाज होता सुमारे एक लाख फ्रँकांचा. घड्याळ गेले ३१,१५,५०० फ्रँकांना. विकत घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, आणि ते जायचे होते तिच्याच संग्रहालयात. दोन वर्षे गेली नाहीत तोच, २०२३ साली, ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभे केलेले होते असे उघडकीस आले, आणि कंपनीच्याच तीन माजी नोकरांचा यात हात असल्याचे कंपनीने जाहीर केले.

हा प्रसंग वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. पितळेवर सोन्याचा मुलामा देऊन फसवणाराला आपण समजू शकतो. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण त्याच्यासाठीच आहे. पण इथे बहुतेक भाग त्याच कंपनीच्या कारखान्यात घडलेले होते. भिंगाखाली धरलेला तुकडा खरा. त्याच्या शेजारचा तुकडाही खरा. पण ते दोघे जन्मापासून एकत्र होते, हे जे त्यांच्याविषयी सांगितले गेले ते खोटे. म्हणजे असत्य धातूत नव्हतेच. ते सांगण्यात होते. आणि ज्यांच्या शब्दावर बाजाराने विसंबावे, अशा घरातूनच ते सांगणे आले होते.

म्हणून तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठा. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पॉल न्यूमन या नटाचे रोलेक्स घड्याळ विकले गेले. त्या जातीचे घड्याळ नवे असताना काही शे डॉलरांना मिळे, आणि तसली तबकडी त्या वेळी फारशी कोणाला आवडतही नसे. न्यूमनला मोटारींच्या शर्यतीचा नाद होता. म्हणून ‘सांभाळून चालव’ अशा अर्थाचे दोन शब्द आणि खाली ‘मी’ एवढेच कोरून त्याच्या बायकोने ते त्याला दिले होते. पुढे १९८४ साली त्याने ते मुलीच्या त्या वेळच्या मित्राला देऊन टाकले, आणि तोच ते विकायला घेऊन आला होता. पहिली बोली १० लाख डॉलरांची झाली. दुसरीच बोली कोणीतरी दूरध्वनीवरून एकदम १ कोटीची दिली. बारा-एक मिनिटांत हातोडा पडला तेव्हा सर्व मिळून किंमत झाली १,७७,५२,५०० डॉलर. त्याच जातीचे, तितकेच जुने, तसेच चालणारे घड्याळ त्या वेळी या रकमेच्या एका लहानशा अंशात मिळाले असते. बाकीचा सारा पैसा बायकोच्या त्या दोन शब्दांचा होता.

आपल्या देशाशी निगडित असे उदाहरण २००९ सालचे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला अँटिकोरम या संस्थेच्या लिलावात महात्माजींचे झेनिथ बनावटीचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताटली असा एकच संच विक्रीस निघाला. विजय मल्ल्या यांनी तो १८ लाख डॉलरांना घेतला. ज्याने मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला आणि वस्तूंचा मोह ठेवला नाही, त्या पुरुषाच्या घड्याळावर हातोडा पडावा, यातला विरोध कोणाला जाणवला नसेल? परंतु माझ्या मनात तेव्हा दुसराच विचार आला. त्या वाटीला वाटी म्हणून काय किंमत होती? ती त्यांची होती, एवढ्या एका वाक्याला किंमत होती. आणि हे वाक्य यंत्रावर कोरलेले नसते. ते कोणीतरी माणूस कागदावर लिहून त्याखाली सही करतो.

लिलावाच्या दिवाणखान्यात बसले म्हणजे या वाक्याचा मोह किती अनावर असतो ते दिसते. लिलावदार मोठा गोड बोलतो. विकणाराने ठरवलेल्या गुप्त किमान किमतीपर्यंत बोली पोचेतो तो उगाच घाई करीत नाही, आणि दोन माणसे हट्टाला पेटली की तो जवळजवळ दिसेनासा होतो. आपल्याकडच्या ‘एकवार, दोनवार, तीनवार’ची दवंडी तिथे नाही, हातोडा किंचित वर जातो आणि दिवाणखाना श्वास रोखतो. बोलीवर आणखी सुमारे चतुर्थांश रक्कम संस्थेला द्यावी लागते, हे त्या क्षणी कोणाला आठवत नाही. (ही दस्तुरी खरेदीदाराकडूनही घेण्याची प्रथा लंडनच्या दोन बड्या संस्थांनी १९७५ साली सुरू केली.) घड्याळाची किंमत ठरायला त्याच्यावर लुब्ध झालेली दोन माणसे लागतात, तिथे एकच असला तर तेच घड्याळ अर्ध्या किमतीत जाते. सांगलीकरांनी आपला आकडा घरूनच एका चिठ्ठीवर लिहून आणला होता. तो ओलांडला गेला तेव्हा त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “चला, चहा घेऊ.” मला त्यांचा हेवा वाटला.

हा सारा परदेशातल्या धनिकांचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या हिवाळ्यात तो आमच्या घरी, रत्नागिरीस, येऊन उभा राहिला.

आमच्या आजोबांचे, आप्पांचे, एक खिशातले घड्याळ आहे. ते रेल्वेत होते, आणि १९४६ साली निवृत्त झाले तेव्हा वरिष्ठ साहेबाने हे सोन्याचे घड्याळ त्यांना बक्षीस दिले, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. काकांच्या मागे ते काकूंच्या पेटीत असे. काकूंचा मुलगा, माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याच्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायचे होते आणि पैशाची नड होती. घड्याळ पाहून मुंबईचा एक दलाल म्हणाला, “विकण्याचे माझ्याकडे लागले. तुम्ही फक्त साहेबाची ती हकीकत एका कागदावर लिहून खाली सही करून द्या.” त्याने सांगितलेला आकडा ऐकून दादाला दोन रात्री झोप आली नाही. कागद त्याने पुढ्यात घेतलाही होता. सही करण्यापूर्वी एकदा जाणत्याला दाखवावे म्हणून त्याने मला बोलावले, आणि त्या वेळी पुण्याला आलेले सांगलीकर माझ्याबरोबर निघाले.

त्यांनी नेहमीप्रमाणे घड्याळ उपडे करून पाठीमागचे झाकण उघडले. आतल्या बाजूला वीस वर्षे टिकण्याची हमी इंग्रजीत कोरलेली होती. “निखळ सोन्याला वर्षांची हमी कशाला द्यावी लागेल?” ते हळूच म्हणाले. खिशात घासून जिथे कडा झिजली होती तिथे पिवळेपणा फिका पडून आतला धातू दिसत होता. दोन पातळ सोनेरी पत्र्यांच्या मधे हलका धातू असलेली ती केस होती. तबकडीवरचे आकडे जाडजूड होते, मूळ नाजूक आकडे पुसून कोणीतरी नवे रंगवलेले. मुंबईत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. जुनी यंत्रे उघडून, तबकड्या पुन्हा रंगवून घड्याळ चालते करणारे कुशल कारागीर तिथे आहेत. आणि मूळ कंपनीने कधी काढले नाहीत असे झगझगीत रंग चढवलेली घड्याळे जगभरच्या शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ या टोपणनावाने ओळखली जातात. कारागीर काही लबाड नसतो. त्याला चालू करून द्यायला सांगितलेले असते, आणि तो ते देतो. त्यावर ‘अस्सल, मूळ स्थितीत’ अशी चिठ्ठी पुढे दुसराच कोणी चिकटवतो.

मग त्यांनी डोळ्याला भिंग लावले. झाकणाच्या आत टाचणीच्या टोकाने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे होती. घड्याळजी लोक दुरुस्ती केली म्हणजे आपली खूण आणि कधी सालही असे आतून ओरखडून ठेवतात. सांगलीकर एकेक साल वाचू लागले. सर्वांत जुने निघाले १९३१.

कोणी काही बोलले नाही. निवृत्तीचे बक्षीस म्हणून १९४६ साली साहेबाने दिलेले घड्याळ त्याआधी पंधरा वर्षे दुरुस्तीला कसे गेले असेल, हे विचारण्याची गरज नव्हती. काही वेळाने दादा म्हणाला, “हे ओरखडे पुसता येतात म्हणे. तो दलाल म्हणत होता.”

“येतात,” सांगलीकर म्हणाले. “दहा मिनिटांचे काम आहे.”

तेवढ्यात काकू माजघरातून बाहेर आल्या. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. पण कान शाबूत आहेत. खाली बसून त्या दादाला म्हणाल्या, “अरे, साहेबाने दिले असे मामंजींनी कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. ते सांगायचे ते तुझे बाबा. मामंजी घड्याळाविषयी एवढेच म्हणायचे की, पहिल्या बढतीच्या पगारात घेतले. त्यांना दिसेनासे झाले तेव्हा आकडे ठळक करून आणले मुंबईहून. मी लग्न होऊन आल्यानंतरची गोष्ट.” आणि मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी विचारले, “अहो, सोन्याचे आहे ना पण?”

या प्रश्नाला उत्तर देणे मला जमले नसते. सांगलीकर म्हणाले, “नाही, काकू. वर सोन्याचा पत्रा आहे, पुष्कळसा झिजलेला. बाजारात याचे फार तर काही हजार येतील.” आणि थोडे थांबून म्हणाले, “तबकडी रंगवली नसती तर थोडे अधिक आले असते.”

“मग त्यांना वेळ कशी दिसली असती?” काकूंनी विचारले.

त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते, आणि माझ्या मते लिलावाच्या साऱ्या शास्त्राजवळही ते नाही. बाजाराला न वापरलेली, न उघडलेली, पेटीत थांबून राहिलेली वस्तू हवी असते. ज्या घड्याळाने पन्नास वर्षे एका माणसाला गाडीच्या वेळेवर पोचवले, दर चार-पाच वर्षांनी जे स्वच्छ करून घेतले गेले, ज्याचे आकडे मालकाच्या म्हातारपणासाठी मोठे झाले, त्याची किंमत त्या प्रत्येक सेवेने उतरत गेली. हा बाजाराचा अन्याय आहे असे मी म्हणत नाही. वस्तू मूळची किती उरली हे तो मोजतो, आणि त्या मापाने त्याचे उत्तर बरोबरच आहे. मला एवढेच वाटते की त्याच्या मापात जे बसत नाही ते बसावे म्हणून गोष्ट बदलण्याचा अधिकार कोणाला नाही, गरजवंतालाही नाही. न्यूमनच्या घड्याळाला जी किंमत आली ती तशा सह्या खऱ्या असतात या भरवशावर आली. रत्नागिरीत एक खोटी सही झाली असती तर जिनीव्हात काही कोसळले नसते; पण तो भरवसा अशा माजघरांतच उभा राहतो किंवा खचतो.

दलालाचा कागद दादाने परत केला. मुलीसाठी त्याने बँकेचे कर्ज काढले आहे, आणि ते फेडताना त्याला बरीच वर्षे ओढ लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. सांगलीकर निघाले त्या दिवशी त्याने वहीचे एक पान फाडून त्यावर लिहायला घेतले. हे घड्याळ आप्पांचे. १९३१ च्या आधी केव्हातरी पहिल्या बढतीच्या पगारात घेतलेले. सोन्याचे नाही, सोन्याचा पत्रा आहे. तबकडी पुढे मुंबईस रंगवून घेतली, कारण आप्पांना दिसत नव्हते. साहेबाने दिल्याची गोष्ट घरात सांगत असत. ती खरी नाही. खाली सही आणि तारीख. सांगलीकरांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “आजवर हजारो याद्या वाचल्या, इतके नीट लिहिलेले एकीतही पाहिले नाही.” दादा कागदाची घडी करू लागला तेव्हा काकूंनी तो थांबवून त्यात आणखी एक ओळ घालायला लावली: दिवसाला चार मिनिटे मागे पडते.